नऊची गोळी

८ ऑगस्ट
सकाळी नऊला गोळी. आठवा दिवस. सतरा वर्षं फौजेत एक हजेरी चुकवली नाही, ही काय चुकणार! सुनंदाला (यापुढं सु., हात दुखतो) एचआयव्ही आहे, मला नाही. तिची जुनी औषधं चालेनाशी झाली, नवीन सुरू केलीत. तिच्या रक्तातला विषाणू दबेपर्यंत मला लागण होऊ नये म्हणून ही गोळी. सांगलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज एक, आणि निरोधही वापरायचा.
आईला सांगितलंय, ताकदीची गोळी आहे. सुनेचं दुखणं तिला माहीत नाही. कसं सांगू? लग्नाला जेमतेम पाच महिने.

२० ऑगस्ट
दोघं एकदमच गोळ्या घेतो. आज पाण्याचे पेले एकमेकांना लावले. सु. म्हणाली, "दारूवानी नका करू, आत्ती बघत्यात." (आईला ती आत्ती म्हणते.) हसत होती मात्र.

२२ सप्टें.
घट बसले. आमच्यात घटाला मी बसतो, नऊ दिवस कडक उपवास. डबी उघडली तर आई म्हणाली, "उपासाला ताकदीची गोळी? मग उपास कसला रं?"
आपल्याच खोट्यात सापडलो. डबी ट्रंकेत ठेवली. घट उठेपर्यंत वेगळंच झोपायचं असतं, म्हणजे धोका नाहीच. सु.ला बोललो नाही, तिला वाटतंय घटापुढं बसूनच घेतो.

३ ऑक्टो.
गाढव आहे मी.
काल दसरा. सोनं वाटलं, उपवास सुटला, आणि शिस्तही सुटली. गोळी नाही, निरोध नाही, काहीच नाही. आज सकाळी सु.नं ट्रंक उघडली. भरलेली डबी हातात घेऊन खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"म्या आधी सांगूनच लगीन केलं न्हवं? पयला मालक ह्यानंच गेला. तुमाला जाऊ द्यायची न्हाई. उठा."
इस्लामपुरातून थेट सांगली, मोटरसायकलवर. बाईंनी झापलं. म्हणाल्या, "बहात्तर तासांच्या आत आलात म्हणून बरं. उपवासात गोळी चालते का, हे निदान मला विचारायचं." आता अठ्ठावीस दिवस वेगळं औषध, त्यानंतर पुन्हा रोजची गोळी. शेवटची तपासणी जानेवारीत.
येताना सु.नं दोघांच्या मधे पिशवी ठेवली होती.

४ ऑक्टो.
आईला सगळं सांगितलं. सु.नंच सांगा म्हटलं, नाहीतर पुढच्या नवरात्रात हेच. दारामागं उभी होती, मेढ्याला माहेरी जायची बॅग भरून. आईनं हाकललं तर दोघंही निघणार, हे मी ठरवलं होतं.
आई म्हणाली, "देवीम्होरं बसून खोटं बोल्लास." एवढंच. उठून देव्हाऱ्यापुढं नाक घासलं, माझ्या वतीनं.

७ ऑक्टो.
आई माझ्याशी बोलत नाही. सु.ला मात्र आज दुपारी आपल्याच ताटात जेवायला घेतलं. एकच भाकरी दोघींनी मोडली. मी पलीकडे एकटा, हातानं वाढून घेत. इतका सुखाचा घास बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता.

१० ऑक्टो.
अबोला सुटला. बरोबर नऊला अंगणातून हाक, "घेतली का रं गोळी?" आणि वर, "हितनं फुडं घटाला मी बसनार. तू खा-पी."

१६ नोव्हें.
पहिली तपासणी. काही नाही. बाई म्हणाल्या, अजून एक व्हायची आहे, उड्या मारू नका. नाही मारल्या. घरी येऊन मारल्या.

१२ जाने.
निगेटिव्ह!
बाकावर बसून रडलो. सु. म्हणते, "फौजी न्हवं तुमी?" आणि स्वतःचं नाक पदरानं पुसतेय. तिच्याही रक्तात विषाणू आता सापडत नाही म्हणे, इतका दबलाय. बाई म्हणाल्या, औषधं दोघांनीही चालू ठेवा. सु.चा पुढचा रिपोर्ट असाच आला, तर मुलाचं बोलू.
जिंकलो की रं गड्या! पावशेर जिलेबी सांगायला गेलो, दोन किलो घेऊन आलो. येताना पिशवी हँडलला लावली. मधे काही नव्हतं.

१५ जाने.
सु.चा रिपोर्ट यायला अवकाश आहे. काही नक्की नाही, हे आईला दोनदा समजावलं.
आज सकाळी बघतो तर माळ्यावरचा माझा पाळणा खाली काढून, घासून, उन्हात ठेवलाय. म्हटलं, आई, अजून कशात काही नाही.
"म्हाईत हाय. मी काय म्हणले का काय? नुस्ता वाळत ठेवलाय." मग घड्याळाकडं बघून, "नऊ वाजलं. गोळी."