वायचं बटण

४ जानेवारी
म्हसावदहून नंदुरबारला आलो. सिंधुबाईंच्या माडीवरची खोली. खाली अंगणभर मिरची, वर माझा ठसका. बाई म्हणाल्या, आठ दिनमा सवय हुई जाई, भाऊ. मोटार रिवाइंडिंगचं दुकान उद्यापासून. बेअरिंग गेलंय का, हे मी नुसतं ऐकून सांगतो; याच कानांवर संसार उभा केला. बायको, आशा, म्हणते, तुमना कान मोटारले, माले नई. ती पुढच्या महिन्यात येणार. तोवर रोज फोन.

६ जानेवारी
भंगारातला कॉम्प्युटर घेतला. जुनं मशीन, म्हणून लिनक्स ही फुकटची सिस्टीम मूळ कोडपासून स्वतःच बांधतोय, लागेल तेवढंच घालून. मशीन एकेका भागाचं विचारतं, हवा का? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नको; गप्प बसलं तरी नकोच. कीबोर्डचं वाय जाम आहे. चालेल, आपल्याला एनचंच काम. हजारेक प्रश्न झाले.

८ जानेवारी
सिस्टीम उठली, आणि आपणहून पुन्हा प्रश्न विचारू लागली. त्यात एक गेला: सुरतेच्या गाडीची शिटी? सवयीनं एन पडलं. डोळे थकले असतील.

९ जानेवारी
सकाळपासून शिटी नाही. गाड्या बंद का, असं सिंधुबाईंना विचारलं. हसल्या. आत्तेच गयी ना, भाऊ, कानमा कापूस शे का?

११ जानेवारी
ठसका? मोटारीचा आवाज? वाचेपर्यंत बोट पडलं होतं. आता खोकलो की छाती हलते, एवढंच. कोरीटच्या भरतभाऊंनी मोटार आणली. कान लावला. काही नाही. ठीक आहे म्हणून परत दिली. संध्याकाळी जळाली.

१२ जानेवारी
दुसरा, यूएसबीचा कीबोर्ड लावला. चालेना. यूएसबीला मीच नको म्हटलं होतं.
कॉम्प्युटरची वायर उपटली. आतला पंखा फिरतोच आहे. तेवढाच ऐकू येतो.

१३ जानेवारी
आशाचा आवाज?
वाय दाबलं. अंगठ्यानं. पान्याच्या दांड्यानं. उमटलं नाही. मशीननं नको धरलं.
फोन थरथरला. तिचंच नाव. उचलला. सेकंद पुढं सरकत होते, आतून—
मग तिचा मेसेज. बोलत का नई तुम्ही?
मी बोलत होतो.

१४ जानेवारी
सिंधुबाई दारात. ओठ हलतायत. खोलीकडे बघतायत, माझ्याकडे नाही—
पंखाही गेला.
पडद्यावर एकच प्रश्न. कानांचा धनी?
डाव्या हातानं वाय दाबून धरलंय. खाली जातंय. जातंय. अक्षर उम—