बोका कुणावर भुंकतो

३ मार्च

बोक्यानं आज दादाची पँट फाडली. नडगीला दातही लागले. मला आनंद झाला — लिहून टाकते, इथे कोण बघतंय!

सख्खा थोरला भाऊ. आई घरात अंथरुणाला खिळली होती तेव्हा याला सवड नव्हती. ती गेली आणि आता रविवार आला की हा दारात. बेल दाबतो तीही वसुलीला आल्यासारखी. म्हणे, आईची खोली आवरायला घेऊ या. मी दार अडवून उभी राहिले, तेवढ्यात बोका माझ्या पायांमधून सुटला.

कुत्र्याचं नाव बोका. पिल्लू असताना मांजरासारखा खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसायचा, म्हणून आईनं ठेवलं. ती गेल्यापासून बेल वाजली की अंगावर धावून जातो. घर राखतोय बिचारा. आईचं माणूस कोण, हे त्याला बरोबर कळतं.

४ मार्च

दादाचा फोन. इंजेक्शन घेतलंय. कुत्र्याला कुठेतरी सोडून ये म्हणाला. मी म्हटलं, घरच्यांना सोडून जायची सवय तुला आहे, मला नाही. त्यानं फोन ठेवला. बरं झालं.

९ मार्च

पार्सलवाल्याला चावला. मनगटाला. आमच्या कारखान्यात मी दिवसभर कवळ्या घासते, प्लास्टरच्या साच्यातले दात रोज बघते. पण माणसाच्या कातडीत उमटलेले दात बघवले नाहीत. पोरगा बिचारा मलाच म्हणत होता, ताई, घाबरू नका.

संध्याकाळी इमारतीचे अध्यक्ष आले. आवाज न चढवता म्हणाले, आता आणखी एकदा असं झालं तर कुत्रा इथे राहणार नाही. दादानंच कान भरले असणार. दुसरं कोण?

१२ मार्च

प्राण्यांची डॉक्टर म्हणजे कालची पोरगी, पण जीभ वस्तऱ्यासारखी. मी सांगितलं, तो माझं रक्षण करतो. ती म्हणाली, "तो कुणाचं रक्षण करत नाहीये. तो घाबरलाय. पळायला जागा नाही, म्हणून पुढे येतो."

मग एकेक दाखवलं. शेपूट पोटाखाली, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग. हे सगळं मी महिनोन्‌महिने बघतेय आणि शौर्य समजतेय. म्हणे, गुरगुरला तर दटावायचं नाही. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी न सांगताच चावेल.

फार शहाणी आहे. रागच आला. पण ऐकलं.

२० मार्च

शिकवणी सुरू. बेलचा आवाज फोनवर भरून घेतलाय. ऐकू येईल न येईल इतका बारीक लावायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आवाज, तुकडा. कारखान्यातून थकून यायचं आणि कुत्र्यापुढे फोन धरून बसायचं — शेजारीण बघून गेली, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. हसू दे मेलीला.

२ एप्रिल

मला घाई नडली. आवाज एकदम मोठा केला. बोका पलंगाखाली घुसला, तिथेच मुतला. मी पट्टा धरून ओढला आणि तो मला चावला. मला!

रडले नाही. फरशी पुसली. दिवसभर त्याच्याशी बोलले नाही, जणू त्याला त्याचं काही वाटणार आहे.

५ एप्रिल

डॉक्टरनं माझ्या हाताची पट्टी बघितली, बोक्याला तपासलं आणि मलाच झापलं. तो खाणं थांबवतो तिथे तुम्ही थांबायचं. पुन्हा बारीक आवाजापासून.

मग तिनं मदतनिसाला दवाखान्याची बेल वाजवायला लावली. बोक्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, बेल वाजली की तुम्ही श्वास धरता, मूठ आवळता, पट्टा ताणला जातो. त्याला वाटतं, दाराबाहेर काहीतरी भयंकर आहे.

मी म्हटलं, आहेच. माझा भाऊ असतो. ती हसली नाही.

२६ एप्रिल

खरी बेल वाजली आणि बोका स्वतःहून मागच्या खोलीतल्या सतरंजीवर जाऊन बसला. कान उभे, पण बसला! खुशाल अख्खं चिकन त्याला दिलं.

७ मे

डॉक्टरचं नवं खूळ. ज्याला चावला त्या माणसाला घरात बोलवा, लांब बसवा. पार्सलवाल्यानं आमची गल्लीच सोडली. राहिला कोण? नाही बोलावणार.

१० मे

अध्यक्ष जिन्यात भेटले. कुत्रा सुधारला का, विचारलं. दादाचं नाव मीच काढलं, तो काही बोलला होता का तुमच्याशी. हो म्हणाले, फोन आला होता. बहिणीला थोडा वेळ द्या म्हणून विनवत होता.

स्वतःचा मोठेपणा मिरवायला केलं असणार. तरीही घरी येऊन त्याला फोन लावला. कामापुरतं बोलले.

१८ मे

दादा आला. सांगितलं तसं अंग तिरकं करून खुर्चीत बसला, बोक्याकडे बघायचं नाही, फक्त तुकडे टाकायचे. बोका मागच्या खोलीच्या दाराला लावलेल्या जाळीच्या फाटकामागे. आधी गुरगुरला, मग वास घेतला, मग खाल्लं. निघताना आईच्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं दादानं. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

२५ मे

फाटक उघडलं. बोका दादाच्या बुटापाशी आला, हुंगलं आणि तिथेच आडवा झाला. दादानं खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली होती. मी म्हटलं, आता काय घाबरतोस, तो काही करत नाही.

"त्याला कधीच घाबरलो नाही," दादा म्हणाला. नजर जमिनीवरच. "तू दार उघडतेस ना, तेव्हा पोटात गोळा येतो. आईच्या आजारपणात किती वेळा या दारापर्यंत येऊन तसाच परत गेलोय."