वरच्या न्हाणीचं पाणी

१२ ऑगस्ट २०११
बुढीचा, माह्या बायकोचा, दमा परत वाढला. सरकारी डॉक्टरीणबाई म्हणे, "औषध देते, पन बुरशीची भिंत वाळवा आधी." खाटेमागं काळा बुरा छातीइतका चढला. वर घरमालक शेठजीची न्हाणी. तिथूनच झिरपून राहिलं.

१४ ऑ.
शेठजीले सांगतलं. "अरे काका, बारिश का मौसम है. दिवाली में चूना मार देंगे." दर दिवाळीले मारते. संक्रांतीले भिंत परत काळी.

१६ ऑ.
मीच खरडली. गावच्या सवयीनं शेणमाती लिपली. बुढी म्हणे, "सिमिटावर शेन टिकते का?" म्हटलं, चूप राय.

१९ ऑ.
चुकलो. शेण वाळलंच नाही, वरून पांढरी लव आली. बुढीले धड झोपता येत नाही, बसूनच राहते. शेठजी पाहून हसला. "गोबर आपने लगाया, सीलन हमारी?" ओल शेणाचीच म्हणे. राइस मिलमंदी जिंदगी गेली, ओल लागन म्हणून भिंतीले एक पोतं टेकू नाही देलं, अन् घरी हे! सगळं खरडून काढलं. मिस्त्री आणला. म्हणे, वरच्या नळाचा जोड फुटला.

२० ऑ.
कोर्टासमोरची टायपिंगवाली बाई. "बाबा, घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. कायदा हाये. लेखी द्या, पंधरा दिवस. नाही केलं तं तुम्ही करा, भाड्यातून कापा." तिनंच टाइप केलं. म्या शेणाचं बी लिवाले लावलं. लपवाचं कायले? रजिस्टर पोस्टानं टाकलं.

२३ ऑ.
डाकवाला हसते. "बाबा, शेठ तं तुमच्या डोक्यावर राहते. आवाज द्याचा ना!"
म्हटलं, देऊन झाला. चढ वर, सही घे.

२६ ऑ.
शेठजी लालबुंद. "इतने साल का रिश्ता, और नोटिस?" म्हटलं, रिश्ता राहू द्या, नळ बसवा. खोली खाली करा म्हणे. म्हटलं, तुम्ही बी लेखी द्या. गेला.

३१ ऑ.
बुढी म्हणे, "काऊन भांडून राहिले? मी जातो भावाकडं."
जाशील. भिंत वाळल्यावर, पाहुणी म्हणून. खाट ओसरीत काढली. तिथं बी ओल.

८ सप्टें.
पंधरा दिवस सरले. मिस्त्रीले घेऊन वर गेलो. दार आतून बंद, टी.व्ही. चालू. ठोकलं, उघडलं नाही. मिस्त्री म्हणे, "उद्या येऊ का?" म्हटलं, बस पायरीवर, कवातरी उघडनच. थैली खोल.
दोन तास झाले. पायरीवरच लिवून राहिलो. खालून बुढीचा खोकला येते.
आत टी.व्ही. बंद झाला आत्ता.