एकोणीस पायऱ्या

पिंपरी, मार्च १९७८

मा. मुख्याधिकारी साहेबांस,

गावची जुनी बारव पुन्हा जिवंत करायची, रहिवाशांनी हातभार लावावा, असं तुम्ही चावडीवर सांगितलंत. महिनाभर कंपनीतली पहिली पाळी सुटली की मीही गाळ उपसला. खाली पायऱ्या किती, यावर गावाचं एकमत होईना. कोणी बारा म्हणे, कोणी पंचवीस. घरी आई म्हणाली, "एकुणीस हायेत." शेवटी तेवढ्याच निघाल्या.

आता हे कोणी सांगितलं, ते नाव बारवेवर लावायच्या पाटीसाठी कळवा म्हणता.

तानुबाई ओव्हाळ, माझी आई. ती बारवेत कधीच उतरलेली नाही. आमच्या लोकांना मनाई होती. ती वर उन्हात रिकामी घागर ठेवून उभी राहायची. एखाद्या बाईला दया आली, तर ती दुरून पाणी ओतायची. तोवर वर येणाऱ्या बायकांची पावलं मोजण्याशिवाय आईला दुसरं काम नव्हतं.

काल तिला म्हटलं, "आये, आता उतरून बघ." ती काठापर्यंत आली आणि आपल्या जुन्या जागी थांबली. पुढे सरकलीच नाही.

दमलोय साहेब. हे पत्र मी पाठवणार नाही. तुमच्या फॉर्मवर 'गावातील वडीलधाऱ्यांकडून समजले' असं लिहून दिलंय. आईनेच तसं लिहायला लावलं. म्हणाली, "नाव लावलं तर लोक इचारतील, हिला कसं ठावं. मग मला परत तितंच हुबं ऱ्हावं लागंल."

गाळ उपसणाऱ्यांपैकी एक,
जयसिंग ओव्हाळ