खा गो बाय, लाजू नको

शनिवार, ४ जानेवारी २०२५

पोपटच्या दुकानात चहापत्ती आणायला गेलो आणि गिरजा बोलली!

दिवाळीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून घरात तिचा एक शब्द नाही. आणि इथे पोपटच्या फोनमधून खणखणीत — ‘खा गो बाय, खा! लाजू नको, पाहुणी हायस!’

गेल्या फाल्गुनातलं आहे ते. अंगणात वाल सुकत घातले होते, शेजारची शेळी त्यात शिरली. हिने काठी नाही उगारली. हात जोडून शेळीला असं सुनावलं! नातू रितेश फोन घेऊन उभाच होता. आम्ही अंगणात पोट धरून हसलो, मग विसरलो.

पोपट म्हणतो, ‘काका, काकी फेमस झाली! मेव्हण्यानं नागोठण्यावरून धाडलंय.’ चित्राच्या वर लिहिलेलं — ‘ठेकेदार रस्ता खातो तेव्हा.’

तिथेच उभा राहून परत परत ऐकलं. चहापत्ती राहिली.

सोमवार, ६ जानेवारी

रितेशने ढीगभर दाखवले. गिरजा तीच, शेळी तीच, वरची ओळ निराळी. पगार आणि हप्ते. उपास आणि वडापाव. ह्याला मीम म्हणतात.

एक मात्र ओंगळ. शेळीच्या जागी कुणाच्या तरी जाड्या मुलीचा फोटो. खाली हसऱ्या तोंडांची रांग. गिरजा जन्मात कुणाच्या लेकीला असं बोलली नसती! पण तोंड तिचं. वड्याचं तेल वांग्यावर — आणि कढई आमची.

रविवार, १२ जानेवारी

मनाली आली रोह्याहून. लेकीची लेक, एम.ए. करते. तिचा प्रकल्पच ह्या मीमवर! विद्यापीठात हेही शिकवतात, बरं.

म्हणाली, ‘आजोबा, वाक्य तोंडातून सुटलं की बोलणाऱ्याचं राहत नाय. बघणारा अर्थ लावतो. बोलणारा मेला असंच समजायचं.’

मी म्हटलं, ‘मेला कशाला गो? तुझी आजी जिती हाय आतल्या खोलीत.’

ओशाळली पोर. आत जाऊन आजीचे पाय चेपत बसली. जाताना एक पुस्तक ठेवून गेली.

गुरुवार, १६ जानेवारी

उत्तर-संरचनावाद! नाव घेतानाच दात हलले. सातवी शिकलेला माणूस मी. पण कडक सुपारीसुद्धा गालात धरून ठेवली की नरम पडते, तसं वाचतो.

अर्थ म्हणे कधी हाती लागत नाही. एक शब्द दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. म्हणजे कचेरीच झाली — ह्या टेबलावरून त्या टेबलावर, आणि ‘उद्या या’.

आणखी एक आहे. आवाज ऐकला की माणूस समोर आहे असं आपण धरून चालतो. लिहिलेलं उष्टं, बोललेलं ताजं. ती आपली भूल. आवाजही धन्याला सोडून एकटा हिंडतो.

हे मात्र मला कुणी शिकवायला नको. इथे पोपटच्या दुकानात ती बोलते, आणि घरी पाण्यासाठी पेला वाजवते.

सोमवार, २० जानेवारी

गिरजाला पेणला नेलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत तिथे. म्हणाल्या, ‘त्यांच्याच आवाजाचं काही असेल तर ऐकवा. कधी कधी त्या धाग्याने शब्द परत येतात.’

दुसरं काही नाही आमच्याकडे. एवढा संसार झाला, कुणी कधी तिचा आवाज ठेवला नाही. फक्त ती शेळी!

एस.टी.त बसून मन उड्या मारत होतं. जगाने नेलेलं जगानेच परत आणून दिलं.

मंगळवार, २१ जानेवारी

ऐकवलं. चित्र बघून पहिल्यांदा हसली — अर्ध्या तोंडाने. मग आवाज लागला. मान हलवायला लागली. डाव्या हाताने फोन लोटला. डोळ्यांत पाणी.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळ-संध्याकाळ ऐकवतो. तीच मान, तेच पाणी.

सूनबाई वैतागली. ‘बाबा, राहू द्या ना! आईंना सोसत नाय.’

‘अगो नूतन, काढा कडूच असतो.’

पण मान का हलवते? मनालीला फोन केला. म्हणाली, ‘आजीची प्रतिमा लोकांनी बळकावलीय, तिचा निषेध असेल तो.’ पटलं. चारचौघांत मोठ्याने हसायचीसुद्धा नाही ही बाई. आज सगळा मुलूख तिच्यावर हसतोय. लाजच वाटत असणार.

मंगळवार, २८ जानेवारी

जेवली नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

उशाशी बसून समजावलं. ‘गिरजा, लोकांनी अर्थ पळवला तर पळवू दे. आवाज तर तुझाच ना? लाजू नको. माझ्या मागून म्हण — खा गो...’

नुसती बघत राहिली. वाट चुकलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तशी. मग माझा हात हातात घेतला, आणि पुन्हा मान हलवली. सावकाश. लहान मुलाला समजवावं तशी.

मी फोनवर ते पुन्हा लावलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मनालीचा फोन. प्रकल्पासाठी तिने मूळ क्लिप शोधून काढली. त्यात नुसता वाऱ्याचा घोंघाट. रितेशने ती टाकताना शब्द खाली लिहिले होते, म्हणून लोकांना कळले. पुढे कुणीतरी चित्र गिरजाचं ठेवून आवाज दुसरा भरला — बायकांचे आवाज काढणारा नाशकाकडचा पोरगा आहे कुणी. रितेश म्हणतो, ‘मला वाटलं कुणीतरी आवाज साफ केला.’

गिरजा एवढंच सांगत होती. नाय. मी नाय ती.

मघापासून डोळे मिटून तिचा आवाज आठवतोय. त्या पोराचाच येतो.