पहिल्या वेचणीची सरकी

२८ ऑक्टोबर १९९८
पहिल्या वेचणीचं सीतादही झालं. बांधावर दहीभात ठेवून अक्का सासूबाईंनी पहिला कापूस ओटीत घेतला. कंपनीच्या नव्या बियाण्याचा चाचणीचा तुकडाच आधी फुटला, म्हणून तिथलाच घेतला. एक बोंड किडकं नाही; हे झाड खाल्लं की अळीच मरते म्हणे. आमच्या बाकीच्या पऱ्हाटीचं अळीने वाटोळं केलंय.

३० ऑक्टोबर
अक्कांनी त्याच कापसाच्या देवाच्या वाती वळल्या. सरकी भिजवून म्हशीला. पहिल्या वेचणीची सरकी तिचीच, घरची रीत.

५ नोव्हेंबर
चोपड्याहून कंपनीचे साहेब आले. सरकारचा नियम पुन्हा ऐकवला. तुकड्यातला कापूस विकायचा नाही, सरकी जनावराला घालायची नाही, वजन करून सगळं जाळायचं. यांनी सही दिलीय. बाहेर काही गेलं का विचारलं, हे नाही म्हणाले. यांना खरंच माहीत नव्हतं.
चहा देताना मी विचारलं, म्हशीने खाल्ली तर काय होतं? काही नाही वहिनी, म्हणाले. मग मनाई का? तर म्हणे तपासण्या अजून चालू आहेत. मग माझ्याकडे बघून, "का, घातली का?"
नाही म्हटलं. आता पुन्हा विचारायची सोय नाही.

६ नोव्हेंबर
यांना सांगितलं. ओरडले नाहीत. कुठे बोलू नको म्हणाले.
चिऊचं दूध बंद केलं. दोन वर्षांची पोर, शेजारचं दूध तोंडात धरत नाही. आठवडाभर आमच्या म्हशीचंच पीत होती. धार काढली ती उकिरड्यावर ओतली. अक्कांनी पाहिलं. सांगावंच लागलं.

१२ नोव्हेंबर
तुकडा जाळला. साहेब, तालुक्याचे कृषी अधिकारी, दोन शिपाई. अक्का हट्टाने आल्या. "लक्ष्मीले जाळतस का कोनी?" एवढंच बोलल्या. अधिकाऱ्यांनी वजनाचा आकडा लिहून घेतला. मला त्यांची कीव आली, रागही आला.
घरी येऊन अक्कांनी दुधाचा पेला मागितला. चिऊ झाल्यापासून चहातसुद्धा दूध घेत नव्हत्या, सगळं नातीला. म्हणाल्या, "आठ दिन मी पिसू. माले काही व्हयनं नही, त मंग पोरले दे."
मी पेला भरून दिला.

१६ नोव्हेंबर
अक्का सकाळ-संध्याकाळ पितात. मी त्यांची जीभ बघते, झोप बघते. त्यांना कळतं. हसतात. मला लाज वाटते, पण बघायचं थांबत नाही.

२० नोव्हेंबर
अक्का ठणठणीत. काल दिवसभर उरल्या पऱ्हाटीच्या वेचणीला होत्या. आज चिऊची वाटी स्वतः भरून माझ्यापुढे ठेवली. "दे आते."
हेही म्हणतात, आता दे. साहेबांच्या तपासण्या संपलेल्या नाहीत, अक्कांची संपली. सत्तरीची बाई आणि दोन वर्षांची पोर, एकच का?
देवापुढे त्याच कापसाची वात लागलीय. वाटी वहीशेजारी आहे, वर साय धरलीय. चिऊ पदर ओढते आहे.