हद्दीबाहेरचे ठिपके

३ ऑक्टोबर
आले एकदाची! चौकी झकास आहे. दोन खोल्या, तीन पायांचं टेबल, चौथ्या पायाच्या जागी विटा. दार पत्र्याचं, कुणी ठोकलं की घरभर खणखणतं. काम मजेचं. लाकडी हातोडीनं झाडं ठोकायची. निरोगी झाड ठक वाजतं, रोगानं आतून पोखरलेलं ढब. ते संगणकाला सांगितलं की रोग पुढच्या आठवड्यात कुठे पोचेल ते नकाशावर लाल ठिपक्यांनी दिसतं. वनरक्षक काका म्हणाले, आधीचे साहेब हुशार होते, पण बघता बघता सुकत गेले बिचारे. मी म्हटलं, मी चांगली जाडजूड आहे, मला वेळ लागेल.

९ ऑक्टोबर
दहापैकी नऊ अंदाज खरे ठरले! स्वतःच स्वतःची पाठ थोपटली, दुसरं आहे कोण? काका आठवड्यातून एकदा येतात. एक ठिपका मात्र थेट चौकीवर पडला. इथे झाडच नाही. झाडांच्या हद्दीबाहेर पडलेला ठिपका चूक समजून पुसायचा, हा नियम. पुसला.

१६ ऑक्टोबर
एकटेपणा खायला उठतो. हातोडीशी बोलायला लागले, तेव्हा म्हटलं पुरे, आणि दोन दिवस ताईकडे जाऊन आले. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. जगात माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस. तिनं माझे केस विंचरले, वाळलीस किती म्हणून रागावली. लहानपणीसारख्या एकाच पांघरुणात झोपलो. निघताना फार रडू आलं.

२१ ऑक्टोबर
नवे ठिपके. बसथांबा, वाण्याचं दुकान, ताईची गल्ली. तिथे औषधालाही झाड नाही. पुसले.

२२ ऑक्टोबर
झोप लागेना. पुसलेले सगळे ठिपके परत काढून पाहिले. साहेबांनीही पुसले होते. चौकी, दवाखाना, त्यांचं घर. माझे ठिपके मी गेले तिथेच आहेत, गेले त्याच क्रमानं. तो पहिला पुसला नसता तर मी ताईकडे गेलेच नसते.

२४ ऑक्टोबर
भूक मेली आहे. कोपराची कातडी सालीसारखी निघाली. हातोडी उचलली, छातीवर हलकेच —
ढब.

२५ ऑक्टोबर
ताईला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, मलाही दोन दिवस बरं नाही, जेवण जात नाही, पण तुझा आवाज ऐकून राहवत नाही, उद्या येतेच. मी ओरडले. तिनं फोन ठेवला होता.

२६ ऑक्टोबर
सकाळी तिची हाक. किती वाट पाहिली होती या हाकेची — उघडणार नाही. दाराला टेबल लावलंय. म्हणतेय, रुसून बसू नकोस, उघड.

ठोकतेय. पत्रा खणखणायला हवा —
ढब. ढब.

पत्रा नाही, तिचा हात वाजतोय. म्हणजे तीही — आता कुणाला कुणापासून वाचवू? ती बाहेर एकटी, मी आत — ताई, थांब, आले, टेबल सरकवते —